जिभेखालची गोळी: गवताच्या परागकणांची ॲलर्जी असलेल्या मुलांच्या पालकांसाठी पायरी-पायरीने

गोळी सुरू होऊन पाच आठवडे झाले होते. सकाळी लेक ब्रश करायला गेली आणि तळहातावर खालचा पुढचा दात घेऊन नाचत बाहेर आली. हिरडीतून थोडं रक्त येत होतं. माझ्या हातात त्या दिवसाच्या गोळीचं पाकीट होतं, अजून न फोडलेलं. आता द्यायची की नाही? डॉक्टरांनी पहिल्या दिवशी हे सांगितलं असणार, पण मला काही केल्या आठवेना. पाकीट बाजूला ठेवलं आणि दवाखान्यात फोन लावला. "बरं झालं दिली नाहीत," डॉक्टर म्हणाल्या, "हिरडी भरून येऊ दे, मग सुरू करू."

हा लेख त्या सकाळीच डोक्यात आला. सबलिंग्वल इम्युनोथेरपी, म्हणजे जिभेखाली औषध ठेवून ॲलर्जीवर करायचा उपचार, डॉक्टर सुरू करून देतात, पण तो चालवायचा असतो आपल्याला. रोज, घरी आणि साधारण तीन वर्षं. त्यात अडायला होतं ते मोठ्या शास्त्रीय प्रश्नांवर नाही, असल्या दात पडण्यासारख्या गोष्टींवर. म्हणून जे मला सुरुवातीला एका जागी लिहिलेलं हवं होतं, ते इथे लिहिते आहे. तुमच्या मुलाला काय द्यायचं हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. हा लेख त्यांच्यासमोर बसताना आणि नंतर घरी आल्यावर हाताशी असावा, एवढ्यासाठी.

आधी हे नेमकं काय आहे

गवताला फुलं येतात तेव्हा त्याचे परागकण वाऱ्यावर पसरतात. बहुतेकांच्या शरीराला त्याचं काही वाटत नाही. ॲलर्जी असलेल्या मुलाच्या शरीराने मात्र या कणांमधल्या प्रथिनांविरुद्ध 'आयजीई' नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवलेली असतात. ती नाकातल्या, डोळ्यांतल्या मास्ट पेशींवर बसलेली असतात. परागकण आला की या पेशी हिस्टामाइन सोडतात आणि मग सटासट शिंका, वाहणारं नाक, लाल डोळे, टाळूला खाज हे सगळं सुरू होतं.

अँटिहिस्टामाइनची गोळी किंवा नाकातला स्प्रे हा त्रास दाबतो. औषध थांबलं की काही दिवसांत त्रास परत. इम्युनोथेरपीचा विचार वेगळा आहे. ज्याचा त्रास होतो तेच शरीराला मोजक्या मात्रेत रोज दाखवत राहायचं, म्हणजे हळूहळू शरीर त्याला शत्रू मानणं सोडून देतं. तोंडाच्या आतल्या अस्तरात बाहेरून आलेल्या गोष्टींची ओळख करून देणाऱ्या पेशी भरपूर असतात आणि मास्ट पेशी तुलनेने कमी. म्हणून जिभेखालची जागा या कामाला सोयीची. काही महिन्यांत प्रतिक्रियेला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी वाढतात आणि 'आयजीजी-४' नावाची प्रतिपिंडं तयार होतात, जी परागकणाला आयजीईपर्यंत पोहोचण्याआधीच अडवतात.

ही कल्पना नवी नाही, आणि तिची सुरुवात गवतापासूनच झाली. लंडनच्या लेनर्ड नून या डॉक्टरांनी १९११ मध्ये टिमथी गवताच्या परागांच्या अर्काची इंजेक्शनं देऊन रुग्णांची सहनशक्ती वाढते हे दाखवलं. आजही इंजेक्शनं दिली जातात. पण मुलांना महिनोन्‌महिने सुया टोचायच्या, प्रत्येक वेळी दवाखान्यात जायचं, हे अनेक घरांना झेपत नाही. जिभेखालच्या औषधात गंभीर प्रतिक्रियेचा धोका इंजेक्शनपेक्षा बराच कमी आहे. शून्य मात्र नाही, आणि पुढचं बरंचसं सांगणं त्याबद्दलच आहे.

पायरी पहिली: आपलं मूल यात बसतं का

"गवतात खेळलं की शिंकतो" एवढ्यावर हा उपचार सुरू करायचा नसतो. दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. चाचणीत गवताची ॲलर्जी दिसली पाहिजे आणि त्रासही गवताच्या फुलोऱ्याच्या दिवसांतच व्हायला हवा. नुसती चाचणी पॉझिटिव्ह आली पण त्या दिवसांत मूल ठणठणीत असेल, तर उपचार करायला काही नाही. उलट त्रास वर्षभर सारखाच असेल, तर खरा गुन्हेगार घरातल्या धुळीतला माइट हा बारीकसा जीव किंवा दुसरंच काही असू शकतं. तसं असेल तर गवताची गोळी तीन वर्षं देऊनही हाती काही लागणार नाही.

चाचणी म्हणजे बहुधा स्किन प्रिक टेस्ट. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा करतात, प्रत्येक खुणेपाशी अर्काचा एकेक थेंब ठेवतात आणि त्यातून कातडीला अगदी वरवर टोचतात. रक्त येत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी डास चावल्यासारखा फुगवटा येतो का ते पाहतात. तीन मिलिमीटर किंवा जास्त असेल तर ती पॉझिटिव्ह. माझ्या लेकीला टोचण्याचं काहीच वाटलं नाही, पण ती वीस मिनिटं हात न खाजवता बसवताना माझा घाम निघाला. सोबत गोष्टीचं पुस्तक न्या. आणि एक लक्षात ठेवा: चाचणीआधी काही दिवस अँटिहिस्टामाइन बंद ठेवावं लागतं, नाहीतर फुगवटा येतच नाही. किती दिवस ते अपॉइंटमेंट घेतानाच विचारून घ्या. सर्दीच्या काही मिश्र औषधांतही अँटिहिस्टामाइन असतं, तेही सांगा.

त्यानंतरचा प्रश्न पालक सहसा विचारत नाहीत, आणि तो फार महत्त्वाचा आहे: कुठलं गवत? बाजारातल्या प्रमाणित गोळ्या थंड हवेच्या प्रदेशातल्या गवतांपासून बनवलेल्या आहेत. ग्राझॅक्स ही गोळी, जी अमेरिकेत ग्रासटेक नावाने मिळते, एकट्या टिमथी गवताची आहे. ओरलेअरमध्ये पाच गवतं आहेत: टिमथी, राय, ऑर्चर्ड, केंटकी ब्लू आणि स्वीट व्हर्नल. ही पाचही एकमेकांची जवळची नातलग. त्यांची प्रथिनं इतकी सारखी असतात, की एकाची सवय झाली की बाकीच्यांचीही बऱ्याच अंशी होते. पण हरळी, म्हणजे बर्मुडा गवत, या घराण्यातली नाही. जॉन्सन गवत हे तर ज्वारीच्या कुळातलं. मुलाचा त्रास मुख्यतः अशा उष्ण प्रदेशातल्या गवतांमुळे असेल, तर टिमथीच्या गोळीकडून फार अपेक्षा धरता येत नाही. आपण राहतो तिथे कोणती गवतं फुलतात आणि चाचणीत कोणत्या गवताला प्रतिक्रिया आली, हे दोन्ही कागद शेजारी ठेवून डॉक्टरांशी बोला. शंका असेल तर रक्ताच्या चाचणीत गवतातली वेगवेगळी प्रथिनं स्वतंत्रपणे तपासता येतात. टिमथीतले 'फ्ल पी १' आणि 'फ्ल पी ५' हे घटक पॉझिटिव्ह असतील तर ती गवताची खरी ॲलर्जी. फक्त प्रोफिलिनसारखं, जवळजवळ सगळ्याच वनस्पतींत सापडणारं प्रथिन पॉझिटिव्ह असेल, तर मूळ कारण दुसरीकडे असू शकतं.

वयाचं म्हणाल तर या गोळ्या पाच वर्षांपासून पुढे देतात. मला हे वय योग्य वाटतं. गोळी जिभेखाली विरघळू द्यायची असते, तोवर बोलायचं नसतं, गिळायचं नसतं. आणि तोंडात काय होतंय ते मुलाला शब्दांत सांगता यावं लागतं. "घशात टोचतंय" आणि "श्वास घेता येत नाहीये" यातला फरक सांगता न येणाऱ्या मुलाला हे औषध घरी द्यायला मी तरी धजावले नसते.

काही मुलांना हा उपचार देतच नाहीत. दमा ताब्यात नसेल किंवा तीव्र असेल तर नाही. पूर्वी अंगभर गंभीर ॲलर्जिक प्रतिक्रिया येऊन गेली असेल, किंवा जिभेखालच्या अशाच औषधाने घसा जोरात सुजला असेल, तर नाही. इओसिनोफिलिक इसोफेजायटिस हा अन्ननलिकेचा विकार असेल तर नाही. घास घशाखाली अडकतो, जेवताना सारखं पाणी लागतं, असं मूल सांगत असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता आपणच बोला. दम्याबद्दल तर काहीही लपवू नका. "थोडीशी घरघर होते, पण आम्ही त्याला दमा म्हणत नाही" हे वाक्य मी वेटिंग रूममध्ये ऐकलं आहे. त्या घरघरीला डॉक्टर काय म्हणतात ते त्यांना ठरवू द्या. गोळीतल्या इतर घटकांबद्दलही विचारा. एका गोळीत माशापासून काढलेलं जिलेटिन असतं, दुसरीत लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर.

आणि एवढं करण्याआधी साधे उपाय नीट करून पाहिले आहेत का? नाकातला स्टिरॉइड स्प्रे रोज आणि योग्य पद्धतीने मारला तर पुष्कळ मुलांना तेवढ्यानेच भागतं. स्प्रेचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने हवं. आम्ही पहिलं वर्षभर उलटंच मारत होतो.

पायरी दुसरी: कॅलेंडर

इथे आमचं एक अख्खं वर्ष गेलं. मोसम ऐन भरात होता, लेकीचे डोळे सुजून बंद होत होते, तेव्हा मी तिला घेऊन गेले आणि म्हटलं, ती गोळी सुरू करा. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की आता नाही. पहिल्या मोसमात फायदा हवा असेल तर टिमथीची गोळी तो सुरू होण्याआधी किमान बारा आठवडे सुरू करावी लागते. पाच गवतांची गोळी साधारण चार महिने आधी. शरीराला शिकायला तेवढा वेळ लागतो. शिवाय हवेत परागकण खच्चून भरलेले असताना नव्याने तेच तोंडातून देणं शहाणपणाचं नाही.

म्हणून आज त्रास चालू असेल तर आज दोनच कामं करा. डॉक्टरांकडून या मोसमापुरती औषधं घ्या, आणि वहीत रोजच्या नोंदी सुरू करा. तारीख, नाक, डोळे, झोप, कोणतं औषध लागलं, शाळा बुडाली का. प्रत्येक त्रासाला शून्य ते तीन असे गुण द्या, एका ओळीत काम होतं. ही वही दोनदा उपयोगी पडते. आता, मोसम नेमका केव्हा सुरू होतो आणि केव्हा संपतो ते कळायला. आणि पुढे, उपचाराने फरक पडला का हे ठरवताना. कारण मागच्या वर्षी किती त्रास झाला होता हे वहीशिवाय कुणालाही खरं आठवत नाही.

मोसमाची तारीख कळली की मागे मोजा आणि त्याच्याही आधी महिना-दीड महिना पहिल्या भेटीसाठी ठेवा, कारण चाचण्यांना वेळ जातो.

पायरी तिसरी: काय मिळेल आणि काय नाही, हे आधीच बोलून घ्या

या गोळीने ॲलर्जी मुळासकट नाहीशी होईल असं कुणी सांगत असेल तर त्यांना पुन्हा विचारा. बहुतेक मुलांना मिळतं ते असं: शिंका कमी, डोळ्यांची आग कमी, औषधं कमी. काहींना फार मोठा फरक पडतो, काहींना थोडा, आणि थोड्या मुलांना काहीच नाही.

दमा टळतो का, हा प्रश्न प्रत्येक आईबापाच्या मनात असतो. युरोपात पाच ते बारा वर्षांच्या, गवताची ॲलर्जी असलेल्या पण दमा नसलेल्या ८१२ मुलांवर यासाठी मोठा अभ्यास झाला. तीन वर्षं गोळी आणि पुढे दोन वर्षं नुसती देखरेख. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फुप्फुसांच्या चाचणीवर आधारलेली दम्याची जी कडक व्याख्या त्यांनी मुख्य कसोटी म्हणून धरली होती, तिच्यात खरी गोळी आणि तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली नकली गोळी यांत लक्षणीय फरक दिसला नाही. पण दम्यासारखी लक्षणं असलेली किंवा दम्याची औषधं लागणारी मुलं खऱ्या गोळीच्या गटात कमी होती, आणि गोळी थांबल्यानंतरच्या दोन वर्षांतही तसंच राहिलं. मी याचा अर्थ असा घेतला: आशा धरायला जागा आहे, हमी नाही.

आणि तीन वर्षंच का? प्रौढांवर झालेल्या एका अभ्यासात दोन वर्षं उपचार देऊन थांबवले आणि एक वर्षाने पाहिलं. फायदा टिकलेला नव्हता. तीन वर्षं सलग घेतलेल्यांमध्ये तो थांबवल्यानंतरही दोन वर्षं टिकल्याचं दुसऱ्या अभ्यासात दिसलं आहे. दोन वर्षं नेटाने देऊन तिसऱ्या वर्षी सोडून देणं म्हणजे घातलेला वेळ वाया घालवणं. म्हणून सुरू करण्याआधीच घरातल्या सगळ्यांनी बसून एकमेकांना विचारा, तीन वर्षं जमेल का? रोज कोण देणार? एखादी गोळी वर्षभर रोज द्यायची असते, तर दुसरी दर वर्षी मोसमाआधी सुरू करून मोसम संपल्यावर थांबवायची असते. तुमच्या घराला कोणतं वेळापत्रक झेपेल हेही निवडताना बोलून घ्या.

पायरी चौथी: पहिली गोळी

ही घरी द्यायची नाही. कितीही लांबून यावं लागलं तरी नाही. दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली द्यायची आणि त्यानंतर किमान अर्धा तास तिथेच बसायचं. त्या दिवशी मुलाला ताप, खोकला, छातीत घरघर असेल तर अपॉइंटमेंट पुढे ढकला. टिमथीच्या गोळीत पहिल्या दिवसापासून पूर्ण मात्रा असते. पाच गवतांच्या गोळीत मुलांना तीन दिवसांत चढवत नेतात: पहिल्या दिवशी १००, दुसऱ्या दिवशी २००, तिसऱ्या दिवसापासून ३००. ही त्या औषधाची स्वतःची एकके आहेत, मिलिग्रॅम नव्हेत.

मुलाला आधी खरं सांगा. "काही होणार नाही" म्हणालात आणि जिभेखाली मुंग्या आल्या, तर मूल घाबरतं आणि उद्या तोंड उघडत नाही. मी लेकीला सांगितलं होतं की जिभेखाली गुदगुल्या होतील, कदाचित कानात खाज येईल, आणि थोड्या वेळाने ती आपोआप जाईल. आम्ही घड्याळ समोर ठेवलं. चौथ्या मिनिटाला तिने बोट कानाकडे नेलं आणि माझ्याकडे बघून हसली. पंचविसाव्या मिनिटाला तिने हाताने खूण केली, गेली.

पायरी पाचवी: रोजचा तो एक मिनिट

हात कोरडे हवेत, कारण यातली एक गोळी इतकी नाजूक असते की ओल्या बोटांवरच विरघळायला लागते. तिचं पाकीट मागून दाबून गोळी बाहेर ढकलू नका, ती चुरते. वरचा कागद सोलून काढा. पाकीट फोडलं की गोळी लगेच द्यायची, काढून ठेवायची नाही. गोळी जिभेखाली ठेवायची, तोंड मिटायचं, किमान एक मिनिट गिळायचं नाही. मग पाच मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही. हात धुवायचे, मुलाने आणि तुम्हीही, कारण बोटांना लागलेला परागाचा अंश डोळ्यांत गेला तर डोळे चुरचुरतात.

बस, एवढंच. अवघड आहे ते हे रोज करणं.

वेळ निवडताना एकच कसोटी लावा: गोळीनंतर अर्धा तास कुणीतरी जाणतं माणूस जागं आणि मुलाच्या आसपास असलं पाहिजे. म्हणून अगदी झोपताना नको. दप्तर पाठीवर अडकवून दाराबाहेर पडतानाही नको. लगेच पळापळ, पोहणं, जोराचा व्यायाम टाळा. आम्ही आता उठल्या उठल्या देतो, दात घासायच्या आधी. गोळी, मग पाच मिनिटं ती खिडकीत बसून राहते, मग ब्रश. गोळी ब्रशला बांधली गेल्यामुळे विसरायला होत नाही. मुलाकडे डबी सोपवून "तुझी तू घे" म्हणू नका, दहा-अकरा वर्षांचं असलं तरी. ही मोठ्यांनी हातात द्यायची गोष्ट आहे, आणि घरातल्या धाकट्या भावंडांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवायची.

पायरी सहावी: खाज कुठवर चालेल आणि कधी धावायचं

पहिल्या एक-दोन आठवड्यांत जीभ, ओठ, घसा किंवा कानात खाज येणं, जिभेखाली थोडी सूज, घशात खवखव हे बहुतेकांना होतं. गोळीनंतर काही मिनिटांत सुरू होतं, अर्ध्या-एक तासात ओसरतं आणि दिवसागणिक कमी होत जातं. फार त्रास वाटला तर डॉक्टर गोळीआधी अँटिहिस्टामाइन द्यायला सांगतात. पहिल्याच आठवड्यात घाबरून गोळी सोडणारे पालक पुष्कळ असतात. त्यांना आधी कुणी एवढं सांगितलं असतं तर ते थांबले नसते.

आता दुसरी बाजू. श्वास घ्यायला त्रास, छातीत घरघर, आवाज बसणं किंवा बदलणं, घसा आवळल्यासारखा वाटणं, गिळता न येणं, अंगभर गांधी उठणं, वारंवार उलट्या, चक्कर, मूल एकदम फिकट आणि मलूल होणं. यातलं काही दिसलं तर ती तोंडातली खाज नाही. ते ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे अंगभर येणारी गंभीर ॲलर्जिक प्रतिक्रिया, असू शकतं आणि त्यावरचं पहिलं औषध ॲड्रिनलिन आहे, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. अँटिहिस्टामाइन देऊन वाट पाहायची नाही. डॉक्टरांनी ॲड्रिनलिनचं तयार पेन दिलं असेल तर ते वापरा, मुलाला आडवं करा, पाय उंच ठेवा. श्वासाला त्रास होत असेल तर बसू द्या. लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा. जिभेखालच्या गोळीने असं होणं दुर्मीळ आहे. पण दुर्मीळ म्हणजे कधीच नाही असं नव्हे. पेन दिलं असेल तर ते कसं वापरायचं याचा सराव नकली पेनवर, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने आधीच करून ठेवा. त्या क्षणी पत्रक वाचायला वेळ नसतो.

आणि एक हळूहळू येणारी गोष्ट. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मूल म्हणायला लागलं की घास अडकतो, छातीत मधोमध जळजळतं, जेवताना उलटी होते, तर गोळी थांबवा आणि डॉक्टरांना भेटा. अन्ननलिकेचा तो विकार असाच दबक्या पावलांनी येतो.

पायरी सातवी: गोळी कोणत्या दिवशी द्यायची नाही

दात पडला, दात काढला, तोंड आलं, हिरडीला किंवा जिभेला जखम झाली, तर गोळी थांबवायची. उघड्या जखमेतून औषध अस्तराला न जुमानता थेट रक्तात जाऊ शकतं. दुधाचे वीस दात साधारण सहाव्या ते बाराव्या वर्षांत पडतात, नेमके याच उपचाराच्या वयात, त्यामुळे हा प्रसंग एकदा नाही, अनेकदा येणार. दात पडल्यावर सुमारे सात दिवस, जखम भरून येईपर्यंत थांबायला सांगतात. दात हलत असेल पण रक्त नसेल, तर आमच्या डॉक्टर चालू ठेवायला सांगतात. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा, म्हणजे सकाळी सात वाजता फोन करावा लागणार नाही.

दमा असलेल्या मुलाला सर्दी-खोकला झाला तर तो बरा होईपर्यंत गोळी बंद. दमा बिघडला असेल तर अर्थातच बंद, आणि डॉक्टरांकडे.

एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी नेहमीची एकच गोळी. दोन एकदम कधीही नाही. खंड आठवड्याहून जास्त झाला तर स्वतःच्या मनाने पुन्हा सुरू करू नका. पुढची गोळी घरी द्यायची की पुन्हा दवाखान्यात, हे डॉक्टर ठरवतील.

पायरी आठवी: मोसम आला की

गोळी चालू आहे म्हणून स्प्रे किंवा दम्याचा इनहेलर बंद करायचा नाही. ती औषधं कमी करायची की नाही हे मोसम कसा जातो ते बघून डॉक्टरांबरोबर ठरवायचं. बाहेरून आल्यावर तोंड-हात धुणं, कपडे बदलणं, झोपण्याआधी केस धुणं, गवत कापताना मुलाला आत ठेवणं, हे सगळं पूर्वीसारखंच.

वादळाबद्दल मात्र जरा थांबून सांगते. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी मेलबर्नमध्ये, राय गवताच्या मोसमात, गडगडाटी वादळ आलं आणि काही तासांत हजारो लोक श्वासाच्या त्रासाने दवाखान्यांत पोहोचले. दहा जणांचा मृत्यू झाला. ओलाव्याने परागकण फुटतात आणि आतले अतिसूक्ष्म कण थेट फुप्फुसात खोलवर जातात. एरवी कण मोठा असल्यामुळे तो नाकातच अडकतो. त्या दिवशी त्रास झालेल्यांत अनेक जण असे होते ज्यांना आधी कधी दमा झालेला नव्हता, फक्त गवताने शिंका यायच्या. म्हणून मोसमात वादळाची चाहूल लागली तर मुलाला घरात घ्या, खिडक्या लावा, वादळ सरेपर्यंत बाहेर सोडू नका.

पहिल्या मोसमानंतर वही घेऊन जा. मागचं पान आणि हे पान शेजारी ठेवा. काहीच फरक नसेल तर डॉक्टर पुन्हा मुळाशी जातील: गवत बरोबर निवडलं होतं का, गोळी खरंच रोज गेली का, सोबत दुसरी कुठली ॲलर्जी आहे का.

पायरी नववी: मधलं वर्ष

नेदरलँड्समध्ये औषधांच्या दुकानांतल्या नोंदींवरून सहा हजारांहून जास्त रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जिभेखालचा उपचार घेणाऱ्यांपैकी किमान तीन वर्षं पुरी करणारे फक्त ७ टक्के निघाले. मी हा आकडा वाचला तेव्हा आमचं दुसरं वर्ष चालू होतं आणि मला तो अगदी पटला. पहिल्या वर्षी उत्साह असतो. तिसऱ्या वर्षी शेवट दिसत असतो. दुसऱ्या वर्षी, मोसम नसताना, काहीच त्रास होत नसलेल्या मुलाला रोज सकाळी गोळी का द्यायची, हे आपल्यालाच कळेनासं होतं.

तेव्हा आम्हाला उपयोगी पडलेल्या गोष्टी सांगते. नवीन पाकीट आणायची आठवण संपायच्या दोन आठवडे आधी लावली, कारण हे औषध प्रत्येक दुकानात लगेच मिळत नाही. प्रवासाला जाताना गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवल्या, सामानात नाही. आजी-आजोबांकडे राहायला जाताना एक पान लिहून दिलं: गोळी कशी, किती वेळ, कधी नाही, धोक्याची लक्षणं, फोन नंबर. दिलेल्या गोळीवर लेक स्वतः कॅलेंडरमध्ये खूण करते. दात पडल्याच्या दिवशी खुणेऐवजी छोटा दात काढते. आणि वर्षातून निदान दोनदा डॉक्टरांची भेट, त्रास नसला तरी. त्या भेटीने आपल्यालाही पुन्हा बळ येतं.

तीन वर्षं झाली की डॉक्टर बहुधा थांबवतात. वही मात्र तेव्हा बंद करू नका. गोळी नसलेला पहिला मोसम आणि त्याच्या पुढचा, दोन्ही लिहा. पुढे कधी त्रास परतला तर पुन्हा काय करायचं हे त्या नोंदींवरूनच ठरेल. आमचा तिसरा मोसम नुकताच संपला. पहिल्या वर्षी डोळ्यांच्या थेंबांचा रकाना रोज भरलेला होता, काही दिवशी तीन-तीनदा. या वर्षी त्या सगळ्या पानांवर मिळून तो चार वेळा भरला आहे, आणि त्यातला एक दिवस ती गवतात आडवी पडून ढग बघत होती तेव्हाचा.